लुगडें कोण नेसवणार?

एकत्र कुटुंबांत वादाला विषयाची उणीव कधींच पडत नाहीं. वरणाला फोडणी हिंगाची कीं जिऱ्याची, माडीची डागडुजी यंदां कीं पुढल्या वर्षीं, धाकट्याला शास्त्रशाखेला घालावयाचें कीं वाणिज्याला, ह्या प्रश्नांवर आमच्या यवतमाळच्या घरीं ज्या सभा भरल्या, त्यांचीं टिपणें कोणीं लिहून ठेविलीं असतीं तर त्यांचे सहज चार खंड झाले असते. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या ओसरीवर जो वाद झाला, तो आमच्या वाडवडिलांच्या स्वप्नांतहि आला नसता. संगणकावर मनुष्याची आकृति घडवून तिला वस्त्र नेसवावयाचें, तर तें कोणत्या सॉफ्टवेअरनें, असा तो वाद होता. वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें किंवा नातवंडें ह्या विद्येच्या नादीं लागलीं आहेत, त्यांच्यावर हा प्रसंग आज ना उद्यां येणारच. म्हणून आमची हकीकत थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या वादाचें मूळ आमची नात. ती पुण्यास ॲनिमेशनचें शिक्षण घेते. सुटींत घरीं आली ती मनाशीं एक बेत ठरवूनच आली. तिला आपल्या पणजीची, म्हणजे आमच्या मातोश्रींची, आकृति संगणकावर घडवावयाची होती; आणि तीहि नऊवारी लुगड्यांत. मातोश्रींचें वय ८७. आमच्या घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें असून त्यांत बायका सहा. ह्या सहांपैकीं रोज लुगडें नेसणाऱ्या एकट्या मातोश्री. आमचें कुटुंब लग्नकार्यांत आणि महालक्ष्म्यांच्या दिवशीं नेसतें, पण तेंहि मातोश्रींनीं मागें उभें राहून कासोटा खोचून दिला तरच. सुनांपाशीं बाजारांतून आणलेली शिवलेली नऊवारी आहे. ती त्या नेसतात असें म्हणण्याची सोय नाहीं, कारण ती परकरासारखी पायांतून वर ओढून घालावयाची असते.

एके दिवशीं दुपारीं नातीनें घरांतले जुने फोटो काढून जमिनीवर मांडले. आमच्या आजीचा फोटो खुर्चींत बसलेला, कमरेच्या वरचा. मातोश्रींच्या लग्नाच्या फोटोंत शालूवर शेला, शेल्यावर हार, आणि पुढें आमच्या वडिलांची बसलेली मूर्ति. नात म्हणाली, "आजोबा, ह्या घरांत शंभर वर्षें बायका लुगडें नेसत आल्या, आणि तें मागून कसें दिसतें हें एकाहि फोटोंत नाहीं. मोठी आजी आहे तोंवर मला तें चहूं बाजूंनीं करून ठेवायचें आहे."

"आहे तोंवर" हे शब्द आम्हांस रुचले नाहींत. परंतु ते खोटे आहेत असेंहि म्हणतां येईना.

आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर वणी, राळेगांव, पांढरकवडा, यवतमाळ, कोणत्याहि बाजारावरून जावें, कापसाच्या गाड्यांची रांग दिसावयाची. कापूस पिकवणाऱ्या मुलखांत जन्मलों म्हणून कापडाची आपल्याला पारख आहे, असा आमचा एक गोड समज होता. तो ह्या उन्हाळ्यांत पुष्कळच उतरला.

सभा भरली. पहिला पक्ष आमच्या पुतण्याचा. तो नागपुरास नोकरीला असून शनिवार-रविवार घरीं येतो. त्याचें म्हणणें, 'दाझ स्टुडिओ' घ्यावा. ह्या पंथाचें मूळ 'पोझर' नांवाच्या सॉफ्टवेअरांत आहे. चित्रकार समोर ठेवतात तशी सांध्यांची लांकडी बाहुली संगणकांत असावी, ह्या कल्पनेनें लॅरी वाइनबर्ग यांनीं तें घडविलें, आणि १९९५ सालीं अमेरिकेंत तें विक्रीस आलें. 'पोझर'साठीं तयार माणसें पुरवणाऱ्या मंडळींतून पुढें 'दाझ' निघालें. त्यांत 'जेनेसिस' नांवाची एक सिद्ध मनुष्याकृति मिळते. तिला हवें तें वळण द्यावें, कपाटांतून कपडा काढून चढवावा, कीं तो तिच्या सांध्यांबरोबर आपोआप हालतो. मूळ सॉफ्टवेअर फुकट. परंतु केंस, कपडे, दागिने, उभें राहण्याची ढबसुद्धां दुकानांतून विकत घ्यावयाची. पंक्तीला फुकट बसवावें आणि वरण, भात, लिंबू ह्यांची किंमत निरनिराळी मागावी, तसा हा प्रकार. शिवाय आपण काढलेलें चित्र आपलें असलें, तरी ती आकृति जशीच्या तशी दुसऱ्याच्या हवालीं करतां येत नाहीं, आणि खेळांत वापरावयाची झाल्यास परवाना निराळा घ्यावा लागतो.

दुसरा पक्ष आमच्या धाकट्या बंधूंचा. ते वकील असल्यामुळें दुसऱ्याच्या खर्चाविषयीं फार उदार आहेत. ते म्हणाले, "दादा, करायचें तर उत्तम करावें. कपड्यासाठीं 'मार्व्हलस डिझायनर' घ्या." हें सॉफ्टवेअर दक्षिण कोरियांतील एका कंपनीचें, खऱ्याखुऱ्या शिवणकामाच्या धंद्यासाठीं त्याच कंपनीचें 'क्लो' नांवाचें भावंड आहे. ह्याची रीत अगदीं शिंप्याची. कापडाचे सपाट तुकडे बेतावयाचे, ते आकृतीच्या पुढेंमागें मांडावयाचे, कोणती कड कोणत्या कडेला शिवावयाची तें सांगावयाचें, आणि कळ दाबली कीं शिवण आवळत जाऊन कपडा अंगावर उतरतो. पाहतांना गंमत वाटते. मात्र ह्याचें भाडें महिन्याच्या महिन्याला किंवा वर्षाच्या वर्षाला भरावें लागतें. भाडें थांबलें कीं घर सोडावें लागतें.

तिसरा पक्ष खुद्द नातीचा. तिला 'ब्लेंडर' हवें होतें, आणि आकृति आरंभीं घडविण्यासाठीं जोडीला 'मेकह्यूमन'. दोन्ही फुकट. तें ऐकून आमच्या कुटुंबानें शंका काढली कीं, फुकट वाटतात तें काय टिकाऊ असणार? तेव्हां नातीनें 'ब्लेंडर'ची कथा सांगितली. हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यांनीं घडविलेलें हें सॉफ्टवेअर कंपनी बंद पडल्यामुळें कायमचें गडप होण्याच्या बेतांत होतें. २००२ सालीं जगभरच्या लोकांनीं सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून तें सोडवून घेतलें, आणि तेव्हांपासून तें सर्वांना खुलें आहे. लाटव्हियांत तयार झालेल्या 'फ्लो' ह्या चित्रपटाला २०२५ सालीं ऑस्कर मिळालें, तो सगळा ह्याच साधनानें केलेला. वर्गणी काढून वाचनालय चालविणाऱ्या गांवांत आमचा जन्म गेला असल्यामुळें ही कथा आम्हांस एकदम पटली.

ह्यानंतर घडलेली एक गोष्ट लिहितांना लाज वाटते, पण ती लिहिली पाहिजे. बंधूंच्या ओळखीच्या एका गृहस्थानें महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप फोडलेली प्रत आणून देण्याचें कबूल केलें. आम्हीं तीस वर्षें शाळेंत मुलांना सचोटी शिकविली; तरी "एकदां पाहून तर घेऊं" असें म्हणून त्या गोष्टीला आम्हीं मान डोलाविली. ती प्रत घातल्यावर दुसऱ्या दिवशीं संगणक आजारी पडला आणि नातीचें चार दिवसांचें काम गेलें. मातोश्रींना सर्व प्रकार समजला तेव्हां त्या आम्हांस एवढेंच म्हणाल्या, "अरे, चोरीचें लुगडें महालक्ष्मीला नेसवतात का?" वयाच्या सत्तरीनंतर आईचें बोलणें खाली मान घालून ऐकण्याचा योग सर्वांच्याच वांट्याला येत नाहीं. आम्हांस तो आला.

मातोश्री ह्या वादांत ओढल्या गेल्या त्याहि एका अडचणीच्या प्रसंगानें. संगणकांतील मनुष्याकृति जन्मतःच दिगंबर असते, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. नात ओसरीवर काम करीत असतां मातोश्री देवपूजा आटोपून बाहेर आल्या आणि पडद्यावरची ती स्त्री पाहून जागच्या जागीं थबकल्या. "अगं, तिला आधीं कांहीं नेसव तरी! मग काय तो वाद घाला." सगळे हंसले. नातीनें घाईघाईनें पडद्यावर टॉवेल टाकला. मातोश्री मात्र तेथेंच चौरंगावर बसल्या आणि काय चाललें आहे तें त्यांनीं विचारून घेतलें.

विदर्भाबाहेरील वाचकांसाठीं येथें सांगितलें पाहिजे कीं, भाद्रपदांत ज्यांना इतरत्र गौरी म्हणतात त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतों. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन उभ्या मूर्ति बसवावयाच्या. त्यांचे मुखवटे पिढ्यान्‌पिढ्यांचे. मुखवट्याखालीं कोठी, म्हणजे धड. कोठीवर लुगडें, दागिने, हार. मातोश्रींनीं आमच्या घरीं अशा महालक्ष्म्या सदुसष्ट वर्षें उभ्या केल्या. सगळें ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हांला यंत्रांत महालक्ष्मी बसवायची आहे. मग तीनच गोष्टी पाहा. मुखवटा कोणाचा, कोठी कसली, आणि लुगडें कोण नेसवणार?"

वकील, शिक्षक आणि नोकरदार ह्यांच्या तीन दिवसांच्या वादविवादांतून जें निघालें नाहीं, तें ह्या एका वाक्यांत निघालें. पुढें आम्हीं ह्याच क्रमानें परीक्षा घेतली.

मुखवट्याची, म्हणजे देहाची, परीक्षा 'मेकह्यूमन'वर झाली. त्यांत एक साधी आकृति समोर उभी राहते आणि बाजूला सरकत्या कळा असतात: वय, उंची, मांस, वजन, स्त्री-पुरुष भेद. वंशाच्या कळा तीन: आफ्रिकी, आशियाई आणि युरोपीय. नातीनें आशियाई कळ ओढली तेव्हां मातोश्री जपानी दिसूं लागल्या. युरोपीय ओढली तेव्हां मडमीण. दोहोंच्या मध्यें कोठें तरी यवतमाळ असावें अशा आशेनें तिनें दोन संध्याकाळ घालविल्या. वयाची कळ शेवटपर्यंत नेली कीं कातडी लोंबूं लागे, परंतु पाठ तरुणीसारखी ताठच राही. मातोश्रींची पाठ वांकलेली आहे, आणि डावा खांदा उजव्याहून दोन बोटें खालीं आहे. मागल्या आडांतलें पाणी वर्षानुवर्षें डाव्या कडेवर वाहिल्याची ती खूण. अशी कळ कोणत्याहि सॉफ्टवेअरांत नाहीं. पुतण्याच्या 'दाझ'मधील आकृति ह्याहून किती तरी सुबक, त्वचा जिवंत वाटावी इतकी बारीक. पण तिच्याहि अंगीं कष्टाचा इतिहास नव्हता. खांदा शेवटीं नातीनें 'ब्लेंडर'मध्यें हातानेंच उतरविला. 'मेकह्यूमन'मधून निघालेल्या आकृतीवर कर्त्यांनीं कसलाहि हक्क ठेवलेला नाहीं, त्यामुळें ती हवी तशी मोडावी, घडवावी, कोणालाहि द्यावी. आपल्या आईच्या आकृतीवर परक्याचा परवाना नसावा, ही गोष्ट आम्हांस किंमतीपेक्षांहि मोलाची वाटली.

कोठीचें काम रुक्ष असल्यामुळें थोडक्यांत आटोपतों. आकृतीच्या पोटांत हाडांचा सांपळा बसवावा लागतो, आणि कोणत्या हाडामागें कातडीचा कोणता भाग किती जावा हें रंगवून सांगावें लागतें. लाल म्हणजे पूर्ण जावा. निळा म्हणजे मुळींच जाऊं नये. ह्यांत चूक झाली तर हात उचलतांच कूसहि वर चढते.

खरी कसोटी लुगड्याची. संगणकाच्या लेखीं कापड म्हणजे बिंदूंचें जाळें. शेजारच्या दोन बिंदूंमध्यें एक अदृश्य स्प्रिंग कल्पिलेली असते. गुरुत्वाकर्षण कापडाला खालीं ओढतें, देह आड येतो, स्प्रिंगा ताणतात किंवा दबतात, आणि संगणक क्षणाच्या बारीक बारीक भागांत प्रत्येक बिंदूची नवी जागा गणितानें काढीत राहतो. हें गणित मोठ्या पावलांनीं आणि तरीहि तोल न जातां कसें करावें, हें डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विट्किन यांनीं १९९८ सालीं एका प्रबंधांत दाखविलें, आणि तेव्हांपासून चित्रपटांतील माणसांचे सदरे खऱ्यासारखे हालूं लागले. सदऱ्याच्या कामीं बंधूंचा पक्ष निर्विवाद जिंकला. 'मार्व्हलस डिझायनर' कांहीं दिवस परीक्षेसाठीं रीतसर फुकट मिळतें. त्यावर पुतण्यानें तासाभरांत आमच्या अंगांत असतो तसाच नेहरू सदरा शिवून दाखविला, बगलेंतल्या चुण्यांसकट. जें बेतून, कातरून, शिवून होतें, त्यासाठीं ह्याहून सरस साधन आम्हीं पाहिलें नाहीं.

परंतु लुगडें कातरत नाहींत आणि शिवतहि नाहींत. एक सलग नऊ वार पट्टी. म्हणजे २७ फूट, सव्वाआठ मीटर. पन्हा साधारण ४५ इंच. त्याला बटण नाहीं, नाडी नाहीं, टांका नाहीं. एक गांठ, पुढें निऱ्या, ओचा, पायांमधून मागें नेऊन खोचलेला कासोटा, आणि खांद्यावर पदर. सगळें घर्षणावर आणि खोचण्यावर उभें. जाळ्याचे बिंदू दोन-दोन सेंटिमीटरांवर धरले तर ते सुमारे साडेतेवीस हजार होतात. तेवढ्यानें निरी मऊ दिसत नाहीं, फळीसारखी दिसते. अंतर अर्ध्या सेंटिमीटरावर आणलें कीं तेच बिंदू पावणेचार लाख. मे महिन्याच्या उन्हांत आमचा संगणक रात्रभर घुमत बसे, आणि पहांटे वीज गेली कीं सगळें पुन्हां पहिल्यापासून.

पुतण्यानें एक युक्ति काढली. निऱ्या आधींच घडवून, कासोटा जागच्या जागीं शिवून, नऊवारीच्या आकाराचा एक तयार कपडाच बनवावा आणि आकृतीला चढवावा. तसा त्यानें केला, आणि तो खरोखर छान दिसला. त्यानें तो मातोश्रींना मोठ्या अभिमानानें दाखविला. त्यांनीं चष्मा पुसून नीट पाहिलें आणि म्हटलें, "छान आहे रे. पण हें घातलेलें आहे, नेसलेलें नाहीं." आम्हांस तत्काळ सुनांच्या कपाटांतील शिवलेल्या नऊवारीची आठवण झाली.

ह्या एका वाक्यांत जो भेद आहे तो आमच्या कलावंतांना पूर्वींच कळला होता. १८९६ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनीं देवळाला निघालेल्या मराठी तरुणीचा पुतळा घडविला, तोच 'मंदिरपथगामिनी' म्हणून प्रसिद्ध झाला. त्या पुतळ्यांत देह वस्त्रावांचून दिसत नाहीं आणि वस्त्र देहावांचून उभें राहत नाहीं. पुढें १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें. आणि बालगंधर्वांची नेसण्याची तऱ्हा तर घरंदाज बायकांनीं उचलली. अंग पुरुषाचें असूनहि जी स्त्री दिसे, ती नेसण्यांतून दिसे. म्हणजे लुगडें ही नुसती वस्तु नव्हे. ती एक क्रिया आहे. हें ध्यानांत धरून आपल्या देशांतील नेसणी टिपून ठेवण्याचे प्रयत्नहि झाले आहेत. चँटल बूलांजे ह्या फ्रेंच विदुषीनें १९९७ सालीं शंभरांहून अधिक तऱ्हांचें सचित्र पुस्तक काढलें. २०१७ सालीं 'द सारी सीरीज' ह्या उपक्रमांत ऐंशींहून अधिक नेसणींच्या लहान लहान फिती निघाल्या. आमच्या घरची फीत मात्र आम्हांलाच काढावयाची होती.

तीन संध्याकाळ मातोश्री माजघरांत परकर-पोलक्यावर लुगडें नेसल्या, आणि चार स्टुलांवर चार मोबाइल ठेवून नातीनें चहूं बाजूंनीं तें टिपलें. पुरुषांना अर्थातच बाहेर घालविलें होतें. तिच्याकडून आम्हांस कळलें तें असें. तिच्या संगणकावर गांठ काहीं केल्या राहत नसे. कापड हळूहळू खालीं सरके किंवा मांडीतून आरपार जाई. तिनें घर्षणाचे आंकडे वाढवून पाहिले, टांचण्या मारून पाहिल्या, व्यर्थ. फितींत पाहतां पाहतां तिला दिसलें कीं, गांठ मारण्याच्या क्षणीं मोठी आजी किंचित् थांबते. तिनें विचारलें. मातोश्री म्हणाल्या, "पोट आंत घ्यायचें, गांठ मारायची, मग श्वास सोडायचा. गांठ आपोआप बसते. हें का कोणी सांगावें लागतें?"

आमच्या कुटुंबाला चाळीस वर्षें हें कोणीं सांगितलें नव्हतें, आणि तिची गांठ चाळीस वर्षें सैल होत आली होती.

नातीनें आकृतीचें पोट आधीं इंचभर आंत ओढलें, पाय फांकवून उभे केले, कापडाच्या कडेला अदृश्य हूक लावून तें मातोश्रींच्या क्रमानें फिरविलें, गांठीच्या जागीं आवळलें, आणि मग पोट पूर्ववत् केलें. कापड ताणलें आणि जागीं बसलें. सॉफ्टवेअरची निवड वस्तुतः ह्याच ठिकाणीं ठरली. देह आणि कापड दोन्ही एकाच घरांत, एकाच वेळीं हालवितां येतात, प्रत्येक पायरी साठवून ठेवतां येते, आणि भाडें थकलें म्हणून कोणी दार लावीत नाहीं, म्हणून 'ब्लेंडर'. ज्यांना शिवलेले कपडे करावयाचे त्यांनीं कोरियन शिंप्याकडे जावें. ज्यांना पटकन् देखणें चित्र हवें त्यांनीं 'दाझ'कडे जावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आम्हांला नेसणें हवें होतें.

काम पुरें होण्यापूर्वींच सुटी संपली आणि नात पुण्यास परतली. जून महिन्याच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, मागल्या अंगणांत मातोश्रींचा पाय घसरला. खुब्याचें हाड मोडलें. नागपुरास शस्त्रक्रिया झाली. देवाच्या कृपेनें ती चांगली झाली. तीन आठवड्यांनीं त्या घरीं आल्या त्या गाऊनमध्यें. डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, ह्यापुढें वांकणें नाहीं, पायांत अडकेल असें वस्त्र नाहीं. साऱ्या आयुष्यांत पहिल्यानेंच आम्हीं आपल्या आईला कासोट्यावांचून पाहिलें. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि तोंड भिंतीकडे फिरविलें. त्या दिवशीं आम्हीं वर्तमानपत्र हातांत धरलें होतें, पण वाचलें कांहींच नाहीं.

त्यांचीं लुगडीं ट्रंकेंत गेलीं. नेसण्याच्या तीन संध्याकाळच्या फिती तेवढ्या राहिल्या. आणखी एक महिना "पुतण्याला वेळ होईल तेव्हां", "नवा संगणक घेऊं तेव्हां", "सॉफ्टवेअर नक्की ठरेल तेव्हां" असें आम्हीं केलें असतें, तर त्याहि राहिल्या नसत्या. वाचकांना सांगण्याजोगें आमच्यापाशीं आहे तें एवढेंच. साधनें बदलतील, आज उत्तम म्हणून जें घ्याल तें दहा वर्षांनीं जुनें होईल, आणि त्याहून उत्तम पुन्हां मिळेलहि. परंतु जें टिपावयाचें तें ज्यांच्या हातांत आहे, ते हात दुसरे मिळत नाहींत. आधीं तें टिपून घ्यावें. सॉफ्टवेअरचा वाद मग पोटभर घालावा.

भाद्रपदांत महालक्ष्म्यांसाठीं नात घरीं आली. मुखवटे माळ्यावरून उतरले, कोठ्या पुसून झाल्या. पण दरवर्षीं ज्या हातांनीं लुगडीं नेसवावयाचीं ते हात खुर्चीच्या दांड्यावर स्वस्थ पडले होते. "लुगडें कोण नेसवणार?" हा प्रश्न ह्या खेपेस कोणींच मोठ्यानें विचारला नाहीं. नात पुढें झाली. संगणकावर तिचें लुगडें तीस-चाळीस वेळां गळून पडलें होतें. त्यामुळें तें कोठें सुटतें, कोठें अडतें आणि कोठें धरतें हें तिच्या बोटांना ठाऊक झालें होतें. ज्येष्ठेच्या निऱ्या तिनें दोनदां सोडल्या, कनिष्ठेच्या एकदांच.

रात्रीं तिनें पूर्ण झालेली आकृति मातोश्रींना दाखविली. आकृति पडद्यावर सावकाश फिरूं लागली. मातोश्रींनीं चेहरा पाहिला आणि म्हटलें, "ही कांहीं मी नव्हे." आकृति पाठमोरी झाली तेव्हां मात्र त्यांनीं हात वर करून ती थांबवावयास सांगितली, आणि त्या बराच वेळ पाहत राहिल्या. आपण मागून कशा दिसतों हें त्यांनींहि सत्याऐंशी वर्षांत पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पूजेच्या वेळीं नात खोलींतून बाहेर आली ती मातोश्रींचें अंजिरी लुगडें नेसून. मागें उभें राहून कासोटा खोचून देणारें कोणीच नव्हतें. दार आंतून लावलेलें आम्हीं पाहिलें होतें. मातोश्री म्हणाल्या, "वळ बघूं." ती वळली. खुर्चींतूनच हात लांबवून मातोश्रींनीं कासोट्याची कड बोटभर वर ओढली, ती पुन्हां खोचली, आणि म्हणाल्या, "थोडा सैल आहे. पण नेसलीस."